बकुळा सांगे

आमच्या ह्यांना अख्खी चिंचपोकळी शाहीर दत्ताराम म्हणून ओळखायची. दिवसा मिलच्या साचेखात्यात मागावर काम आणि संध्याकाळी कलापथक. संयुक्त महाराष्ट्राची सभा लागली की पुढारी यायच्या आधी तासभर मैदान तापवायचं ह्यांनी. आवाज पहाडी, हे मी नाकारत नाही. सुराशी मात्र त्याचं फारसं सख्य नव्हतं. सुरू केलेलं कवन कुठल्या पट्टीत जाऊन संपेल हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि पेटीवाला बिचारा मागे धावत असायचा.

ती पेटी माझी. माझं माहेर गिरगावात, खेतवाडीला. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, पण मला सहा वर्षं गुरुजींकडे गाणं शिकवलं. रेडिओवरून आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं आणि मला सातवा महिना होता. सासूबाई म्हणाल्या, "असला पोट घेवन गाणा गावक जातलंस? लोक काय म्हणतले?" हे म्हणाले, "बाळंतपण होऊ दे, मग बघू." जाई झाली, चार वर्षांची झाली, सासूबाई गेल्या, तरी बघणं चालूच. पेटी आधी माळ्यावर गेली आणि मग कलापथकात.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मला ओळी सुचू लागल्या. कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहून काढल्या.

"गळा होता गं मोकळा, मूल नव्हतं गं पोटी,
आता अंगाईपुरता सूर उरला गं ओठी."

अशी सात कडवी झाली. कवनाच्या शेवटी रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं, ही शाहिरांची रीत. घरात शाहीर असल्यावर मला ती ठाऊक नसेल कशी? मीही गुंफलं.

"बकुळा सांगे सयांनो, पेटी माळ्यावर गेली,
लेकराच्या रडण्यानं माझी भैरवी गं केली."

जाईवर राग नव्हता माझा. पण खोटं तरी कशाला लिहू?

पान ह्यांच्या हाती लागलं. त्यांनी ते वाचलं. मग मी चाल म्हणून दाखवली, तर डोळे भरून आले त्यांचे. खोटं नव्हते रडत ते. म्हणाले, "बकुळा, परळच्या सभेत हे झालंच पाहिजे."

"झालं तर मीच गाणार," मी म्हटलं.

"गा की! आपल्या पथकात बाईचा आवाज नाहीच."

आठ दिवस मी चुलीशी तेच गात होते. जाई कडेवर, भाकरी तव्यावर आणि तोंडाने ताना. शेजारच्या कमळाबाईंनी भिंत ठोकून विचारलं, बरं आहे ना म्हणून. इतकं बरं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "पथकातली आठ माणसं इथंच जेवतील. तू मागनं आवरून ये, आम्ही पुढं होतो." तीस भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण केलं, वाढलं, भांडी घासली, जाईची वेणी घातली. ठेवणीतलं लुगडं नेसून परळला पोचले तेव्हा मैदान भरलं होतं आणि स्टेजवर हे उभे होते. चाल माझी होती. पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि पाय जागीच थांबले. पोटातलं मूल आता मुंबई झालं होतं आणि आई महाराष्ट्र. माझी पेटी, माझी अंगाई, काही उरलं नव्हतं. आणि शेवटी डफ वाजवून,

"दत्ताराम सांगे दादा, माय उभी दारापाशी,
मुंबई ही लेक तिची, कोण नेतो बघू कशी!"

मैदान उठून उभं राहिलं. माझ्या शेजारच्या बायका पदर डोळ्याला लावत होत्या. जाई ओरडली, "आई, बाबा बघ!"

घरी आल्यावर मी एवढंच विचारलं, "माझं नाव कुठं गेलं?"

हे चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, आपल्या चाळीतल्या पोरांनी छातीवर गोळ्या खाल्ल्या. त्यांच्या आयांसमोर तुझी माळ्यावरची पेटी काय सांगू? आणि घरातलं ते सगळं आपलंच ना?"

त्या पोरांच्या मयताला मीही गेले होते. मुंबई मलाही महाराष्ट्रात हवी होती. चळवळ खोटी असती तर भांडता तरी आलं असतं. आता भांडले असते तर मीच क्षुद्र ठरले असते, म्हणून गिळलं. गिळलेलं पचत मात्र नाही.

पुढच्या दोन महिन्यांत ते कवन घोडपदेवपासून लालबागपर्यंत पोरासोरांच्या तोंडी झालं. संक्रांतीला कमळाबाईंकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका दाटीवाटीने बसलेल्या. कुणीतरी म्हणालं, शाहिरीणबाई आल्यात, होऊन जाऊ दे. नवऱ्याचं गाणं म्हण म्हणून कमळाबाईंनी आग्रहच धरला, "बाय, म्हण गो ता घोवाचा गाणा."

मी जाईला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि माझं गाणं गायले. माझे शब्द, पहिल्यापासून. मुंबई नाही, माय महाराष्ट्र नाही. एकीने डोळे पुसले. शेवटच्या कडव्याला मी गळा पूर्ण सोडला, "बकुळा सांगे सयांनो..."

आता ह्या बायकांना कळलं, असं वाटलं मला.

तेवढ्यात कमळाबाईंनी हसून टाळी दिली. "बघा गो बघा! घोवाचा नाव घेवक लाजली, म्हणान आपला घातल्यान!"

सगळी खोली खिदळली. "तरीच म्हटलं, शब्द असे का फिरवले!" "बाई गुणाची हो. मैदानभर ज्यांचं नाव, ते हिच्या ओठांवर येत नाही!"

"अहो, गाणं माझंच आहे," मी म्हटलं. "मी रचलंय."

"तुझंच गं! नवऱ्याचं ते बायकोचंच की," एक म्हातारी म्हणाली आणि हसू आणखी वाढलं. "पण आज हळदीकुंकू आहे. नाव घेतल्याशिवाय वाण नाही मिळायचं." सगळ्या घोळक्याने धरून बसल्या, नाव घ्या, नाव घ्या. जाईने माझी हनुवटी हाताने वळवली. "आई, घे ना बाबांचं नाव."

मी परत कडवं उचललं आणि "दत्ताराम सांगे" असं गायले, नीट, जागच्या जागी. बायकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांच्या शिक्षणानंतर, माझ्या गाण्याला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.