राखणदाराचा वाटा

पिशवीत तीन बाटल्या होत्या, दोन तपकिरी आणि एक हिरवी. शिवाय एक ओपनर, काचेचा एक पेला आणि तो फुटू नये म्हणून त्याभोवती गुंडाळलेला पंचा. गंगाराममामांनी सगळं जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर मांडलं, पिशवीची घडी केली आणि तिच्यावर बसले. मागे थिबा राजवाड्याची लाल भिंत होती. पुढे उतारावर मोहरलेली कलमं, आणि त्यांच्याही खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळत होती.

मोरेश्वरने हिरवी बाटली उचलून गडग्याच्या सावलीत ठेवली.

"तिला काय झालं?"

"ऊन लागतंय, मामा. हिरव्या काचेतून ते आत जातं आणि बिअर बिघडते."

"बाळंतिणीसारखी जपताय की," मामा म्हणाले. पण त्यांनी स्वतः उठून उरलेल्या दोन बाटल्याही सावलीत सरकवल्या.

मोरेश्वर मुंबईत बिअरच्या एका कारखान्यात केमिस्ट होता. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर लागला, त्याला तीन वर्षं झाली. गाव लांज्याकडे, घरची भातशेती. मागच्या महिन्यात वडीलधाऱ्यांबरोबर येऊन त्याने इथल्या किल्ल्याखालच्या पेठ किल्ला वस्तीतली मैना पाहिली होती. दोन्हीकडून नकार नव्हता, पण सुपारी फुटायची बाकी होती. मग मैनाच्या मामांचं, म्हणजे गंगाराममामांचं, पोस्टकार्ड आलं: एकटेच या, रत्नागिरी दाखवतो. ती एक भेट सोडली तर त्याने रत्नागिरी पाहिली होती ती एस.टी. स्टँडवर बस बदलण्यापुरती.

सकाळपासून तो सारखा थांबत होता. राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावरच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांपाशी तो इतका वेळ उभा राहिला, की मामांनी दोनदा विडी विझवून पुन्हा पेटवली.

"ब्रह्मदेशाच्या राजाला आणून ठेवला हितं," मामा म्हणाले. "समुद्र दिसायचा त्याला. रोज दिसायचा. पण गलबतात पाय ठेवायची परवानगी नाय." मामा स्वतः आयुष्यभर समुद्रात मचवा हाकणारे तांडेल होते. त्यांना ही शिक्षा नीट कळत असावी.

आता त्यांनी पहिली तपकिरी बाटली उघडली आणि पेला पुढे केला.

"आडपडदा ठेवत नाय. आक्कानं पाठवलंय मला. फिरव, तीन बाटल्या ने, आणि पोरगा किती पितो ते बघून ये म्हणाली. पिणाऱ्याच्या घरात ती मैनाला द्यायची नाय."

"माझं कामच ते आहे, मामा."

"म्हणून तर बघायचंय. करा तुमचं काम."

मामांनी दोन बोटं बिअर ओतली. मोरेश्वरने पेला समुद्राच्या उजेडासमोर धरला, फेस बसू दिला, मग नाकाशी नेऊन दोनदा लहान लहान वास घेतला. एक घोट तोंडात फिरवला. त्याचे डोळे मिटले होते. मामा विडी हातात तशीच धरून बघत राहिले.

"ही चांगली आहे," तो म्हणाला. "आमचीच आहे."

"झाकण बघून सांगितलंत."

"झाकण तुम्ही खिशात टाकलंत आणि लेबल तुमच्याकडे आहे. आमच्या कारखान्याचं पाणी ओळखीचं लागलं."

मामांनी बाटली फिरवून लेबल वाचलं. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांची नजर त्याच्या गळ्याकडे गेली.

"गिळलीत तुम्ही."

"हो."

"थुंकायची नसते?"

"चहाची परीक्षा करणारे थुंकतात. बिअरचा कडवटपणा गिळताना घशाशी कळतो. थुंकली तर निम्मं काम राहून जातं."

मामांनी विडी गडग्यावर घासून विझवली. खाली खाडीत एक होडी माणसं घेऊन पलीकडे निघाली होती, तिचं इंजिन दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा सुरू झालं.

"मध्यस्थानं मला सांगितलं, थुंकतात म्हणून," मामा शेवटी म्हणाले. "गुळणी केल्यासारखी. मी तेच आक्काला सांगितलं. तेवढ्यावरच ती तयार झालीय. आमचे भावजी दारूपायी गेले. दर्यात नाय, घरात, खाटेवर. मैना तेव्हा चौथीत. त्याच दिवशी मी पण सोडली."

"मग त्यांना सांगायला हवं."

"विचारलंन तर मी हाय ना. तुम्ही गप ऱ्हायचं."

बाटली जवळजवळ भरलेली होती. मामांनी ती उचलली, गडग्याच्या टोकाशी असलेल्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी नेली आणि सावकाश सगळी ओतली. फेस लाल मातीत थोडा वेळ उभा राहिला आणि जिरला. दोघांनीही पायातल्या चपला काढल्या होत्या. मोरेश्वरला ते कोणी सांगितलं नव्हतं.

"उघडलेली परत न्यायची नाय. जागा राखणाऱ्या देवाची, राखणदाराची. वाटा त्याचा."

"आमच्याकडे शेताच्या बांधावर देतात. वर्षातून एकदा."

"तुमचा राखणदार शेतकरी," मामा म्हणाले. "आमच्याला दर्याची सवय. त्याला वर्षभर थांबवत नाय."

रिकामी बाटली पुन्हा पिशवीत गेली. रस्त्यावर काच टाकायची मामांची रीत नव्हती.

मांडवीच्या जेटीवर दुसरी बाटली उघडायची ठरली होती, पण तिथे जाळी दुरुस्त करत बसलेले सगळे मामांच्या ओळखीचे निघाले.

"गंगाराम, जावई काय?" एकाने मान वर न करता विचारलं.

"अजून नाय. ओवाळायचा हाय."

"मंग उन्हात कशाला फिरवतोस? काळा पडला तर पोर नको म्हणंल."

हसू पांगलं, तोवर मोरेश्वर किनाऱ्यावर उकिडवा बसला होता. वाळू काळी होती. त्याने ती ओंजळीत घेऊन हलवली, तशी हलकी पांढरी कणी वर आली आणि काळी खाली राहिली. तो मनाशीच म्हणाला, लोहचुंबक आणायला हवं होतं. थोडी वाळू त्याने रुमालात बांधली.

"हे काय, हुंडा?" मामांनी विचारलं.

"वजनाला जड आहे. तपासून बघतो."

किल्ल्यावर भगवतीच्या देवळाबाहेर मामांनी पिशवी पायरीपासून लांब, सावलीत ठेवली. दर्शन घेऊन ते दीपगृहाच्या बाजूने तटाच्या टोकाशी गेले. तिन्ही बाजूंना समुद्र होता. तट घोड्याच्या नालासारखा वळत गेला होता आणि खाली लाटा काळ्या कातळावर फुटून पांढऱ्या रेघा मागे ठेवत होत्या. आवाज उशिरा वर येत होता. मोरेश्वर बुरुजावर उभा राहिला. मग त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तेच पाहिलं.

"हे एवढं जवळ असताना मी स्टँडवर वडापाव खात बसायचो," तो म्हणाला.

मामा खूश झाले. जणू तट त्यांनीच बांधला होता.

उरलेल्या दोन बाटल्या तिथेच उघडल्या. दुसरी तपकिरी त्याने हुंगली आणि पेला मामांच्या नाकाशी धरला. "भिजलेला पुठ्ठा. बरेच महिने दुकानात पडून आहे."

मामांनी जपून वास घेतला. "पावसाळ्यात मैनाच्या शाळेच्या वह्यांना असाच यायचा. खरंच की."

हिरवीला कांद्याचा आणि जळक्या रबराचा वास होता. ती दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असणार, असं तो म्हणाला. होती, मामा म्हणाले, अगदी पुढेच, म्हणून तर छान दिसली. दोन्ही बाटल्यांतला एकेक घोट त्याने घेतला. तेवढाच.

"डोळे मीट," मामा म्हणाले. तुम्हीवरून ते तूवर कधी आले, हे दोघांनाही कळलं नाही. "आता हितं कशाकशाचा वास येतो, सांग."

वारा अजून जमिनीकडून होता. मोरेश्वरने मान थोडी वळवली.

"सुकत घातलेले बोंबील. डिझेल. मोहर, पण लांबचा." तो थांबला. "आणि कोणीतरी सुकं खोबरं भाजतंय. आता जरा करपलं."

मामांनी तटावरून खाली पेठ किल्ल्यातल्या कौलांकडे पाहिलं. एका घरातून धूर येत होता.

"आक्का," ते म्हणाले. "तुझ्यासाठी कालवणाचं वाटप करतेय. करपलं म्हणजे तिचं लक्ष नाय. वाटेकडे डोळे असतील." आणि मग, हळू आवाजात, "नाक हाय की काय हे, बाबा."

दोन्ही बाटल्या त्यांनी तटाच्या कडेच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यापाशी ओतल्या. मामा पुटपुटले, मोरेश्वरने हात जोडले.

घरी मैनाची आई, ठमाबाई, पडवीत उभ्या होत्या. उंच, सडपातळ बाई, पदराला हळदीचे डाग. त्यांनी मोरेश्वरला पाय धुवायला पाणी दिलं आणि भावाच्या हातातली पिशवी घेतली. ती हलकी लागली, तशा त्या थांबल्या. एकेक बाटली काढून त्यांनी पायरीवर उभी केली.

"तिन्ही रिकाम्या."

"राखणदाराला दिल्या, आक्का."

"राखणदाराला." ठमाबाईंचा आवाज चढला नाही. "आमच्या ह्यांच्या बाटल्या पण राखणदारच प्यायचा. आणि मला सांगायला तेव्हाही तूच यायचास, गंगाराम."

मामांनी मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने ते सारवलेली जमीन उकरू लागले. स्वयंपाकघराच्या दारात मैना येऊन उभी राहिली होती, हातात पाण्याचा तांब्या. मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर तिने मोरेश्वरला एकच प्रश्न विचारला होता: कडू असते तर लोक पितात कशाला? तो नुसता चष्मा पुसत राहिला होता. ती हसली होती.

"भगवतीची शप्पत," मामा म्हणाले. "ओतल्या त्या खऱ्याच. ह्यांनी नुसती तोंडात घेतलीन, वास बघितलान, आणि थुंकलीन. माझ्यासमोर. तिन्ही वेळा."

ठमाबाईंनी मोरेश्वरकडे पाहिलं. त्याचे डोळे स्वच्छ होते, पाय जागच्या जागी होते, शर्टाला मातीचा लाल रंग लागला होता. त्यांचे खांदे थोडे सैल झाले.

"बसा जेवायला," त्या म्हणाल्या. "मैना, पाट मांड."

पाट मांडले गेले. केळीचं पान आलं, पानावर पाणी शिंपडलं गेलं. मामांनी बसता बसता मोरेश्वरचा सदरा खाली ओढला. तो बसला नाही.

"मावशी, मी थुंकली नाही. गिळली."

मामांनी डोळे मिटून घेतले.

"हा खोटं बोलला?"

"मला सांभाळायला बोलले. राखणदाराचं मात्र खरं आहे. तिथे मीही होतो."

"आणि रोजचं?"

"कामावर असतो तेव्हा गिळतो. सुट्टीला नाही. आजची तेवढी तुमच्यासाठी."

पानातल्या पाण्याचा एक थेंब ओघळून कडेला आला. ठमाबाई तो पुसायला वाकल्या नाहीत.

"किती गिळता?"

त्याच्या ओठांवर आकडा आला होता. तो त्याने तसाच ठेवला आणि पिशवीतला पेला मागितला. पंचा सोडून पेला धुतला गेला, मैनाने तांब्या पुढे केला. मोरेश्वर जमिनीवर बसला आणि पेल्यात थोडं थोडं पाणी ओतू लागला, एक नमुना, दुसरा, असे सहा. प्रत्येक वेळी तो मान वाकवून डोळा पाण्याच्या रेषेशी नेत होता. शेवटचा थोडा जास्त पडला, तेव्हा त्याने तेवढं पाणी परत तांब्यात ओतलं.

"दिवसभराचं एवढं."

ठमाबाईंनी पेला उचलला आणि बाहेरून बोटं लावली. दोन बोटं भरलं होतं. त्यांनी तो दाराच्या उजेडात धरला, जसा सकाळी मोरेश्वरने धरला होता.

"आणि उद्या वाढली तर?"

"वाढली तर जिभेला फरक कळेनासा होतो. मग त्या कामाला ठेवत नाहीत."

"काम गेलं, तरी जीभ घरीच येते."

मोरेश्वरने मामांकडे पाहिलं. मामा पानाकडे बघत होते. ठमाबाईंच्या हातात पेला तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, कोणाला दिलाही नाही. चुलीवर भाताचं झाकण वाजत होतं.

मैना पुढे आली. तिने आईच्या हातातून पेला घेतला, भिंतीकडे थोडी वळली आणि मान मागे टाकून पाणी प्यायली. ठमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मोरेश्वर तिच्या गळ्याकडे बघत होता.

दिवसभराचं ते सगळं संपायला तीन घोट लागले.