उंदरांची डॉक्टर

"आत्या रुसली आहे, दुसरं काय! तिचा रुसवा तुला नवीन आहे का?" चपला पायात सरकवता सरकवता ठकूने नवऱ्याला सुनावलं. "दोनदा विचारलं चहा घेतेस का म्हणून. उत्तर नाही. चार दिवस झाले, भिंतीकडे तोंड करून पडली आहे. पडू दे."

"अगं, पण कालपासून त्यांनी अन्नाला हात लावला नाहीये. आणि माझ्याशीही बोलत नाहीयेत. माझ्यावर त्या कधी रुसत नाहीत."

"तूच लाडावून ठेवलंयस तिला. भूक लागली की येईल मुकाट्याने."

आता पन्नाशी उलटलेल्या, जाड चष्म्याच्या, संशोधन संस्थेतला अख्खा विभाग सांभाळणाऱ्या बाईला ठकू म्हणणं काही बरं दिसत नाही. पण आत्या तिला ठकूच म्हणायची, आणि आत्यापुढे कोणाचं काय चालायचं? आईबापामागे तिनेच ठकूला वाढवलं, शिकवलं, आणि लग्नानंतर ठकूने तिला आपल्याबरोबर आणलं. आत्या म्हणजे तोंडाचा पट्टा. शेजारची माणसं "डॉक्टर आहेत का घरात?" म्हणून खोकला दाखवायला आली, की ती दारातच अडवायची. "डॉक्टर आहे हो, पण उंदरांची. शेपूट असेल तर या आत!"

होतंही तसंच. ठकूचं सगळं आयुष्य उंदरांत गेलं. मेलेल्या जंतूंचे तुकडे उंदराला टोचायचे आणि बघत बसायचं. शरीरात कुठेतरी दाह सुरू होतो. जंतू मेंदूपर्यंत पोचतही नाहीत, पण वर्दी मात्र पोचते. मग उंदीर कोपरा धरतो. अंगावरचे केस विस्कटतात, आवडीचं गोड पाणी तो सोडून देतो, सोबत्याला हुंगतही नाही. "खाली आग लागते आणि धूर माडीवर कोंडतो," असं ती व्याख्यानांत सांगायची, आणि लोकांना ते पटायचं. तिचं नाव झालं ते मात्र म्हाताऱ्या उंदरांवरून. तरुण उंदीर दोन दिवसांत उड्या मारायला लागतात. म्हातारे फार खोल बुडतात, आणि त्यातले काही पुरते वर येतच नाहीत, हे तिने दाखवून दिलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते काही उगीच नाही.

रुसव्याला कारण मात्र झालं होतं, त्यामुळे ठकूचाही अगदीच दोष नाही असं कोणाला वाटेल. घरात एका बाजूला आत्याची खोली, दुसऱ्या बाजूला बाथरूम आणि मध्ये बैठकीची खोली. उजेड चांगला म्हणून ठकू तिथेच लॅपटॉप मांडून मीटिंगा घ्यायची. महिन्यापूर्वी अशीच एक मोठी मीटिंग चालू होती. पडद्यावर देशोदेशीचे शास्त्रज्ञ, आणि मागून आत्या निघाली, न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात बादली. तशीच थांबली, वाकून पडद्यात डोकावली आणि म्हणाली, "अगंबाई, एवढी माणसं! आणि सगळी उपाशी दिसतात गं!"

भाषा कोणाला कळली नाही, पण सगळे खळखळून हसले. प्रेमानेच हसले. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने तर हातही हलवला. ठकूच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. पडदा मिटताच ती आत्याच्या खोलीत गेली.

"मी बोलत असताना बाहेर पाऊल टाकायचं नाही, कळलं? जगापुढे लाज आणतेस मला!"

एरवी आत्याने एकाला चार उत्तरं दिली असती. त्या दिवशी ती फक्त "बरं" म्हणाली. ठकूला वाटलं, चला, एकदाचं कळलं हिला.

तर आता, महिन्याने, चपला घालून आत्याला तशीच भिंतीकडे तोंड केलेली सोडून ठकू संस्थेत गेली. दुपारी ती पिंजऱ्यांपुढे उभी असताना फोन वाजला. नवरा होता.

"त्या मला ओळखत नाहीयेत गं. मला मास्तर म्हणतायत. चादर खुडतायत सारख्या. तू ये."

समोरच्या पिंजऱ्यात एक म्हातारी उंदरीण कोपऱ्यात अंग मुडपून बसली होती, तोंड भिंतीकडे करून. फोन कानाला तसाच धरून ठकू तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर जे पाहिलं, मोजलं, छापलं, ते घरच्या पलंगावर चार-पाच दिवस पडलेलं होतं. आणि ती काय म्हणाली? पडू दे.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती. तपासण्या बघून म्हणाली, "लघवीत संसर्ग झालाय आणि तो रक्तात पसरलाय. या वयात बरेचदा ताप येत नाही, नुसता मेंदूवर परिणाम..." आणि मध्येच थांबली. "सॉरी मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार! तुमचं व्याख्यान ऐकलंय मी. त्यामुळेच मी म्हाताऱ्या पेशंटांत हे आधी बघते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ठकूला झालं.

"किती दिवस अशा आहेत?"

"चार-पाच."

"मग आणलं का नाहीत?" तिने सहजच विचारलं होतं.

नवरा काहीतरी सावरून घ्यायला पुढे झाला. पण ठकूने त्याला थांबवलं. "मला वाटलं, रुसली आहे," ती म्हणाली. डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिली, आणि ते जास्त लागलं.

"पाणी कमी पितात का? लघवी दाबून ठेवायची सवय आहे?"

नवराबायको एकमेकांकडे बघायला लागली. दोघांनाही माहीत नव्हतं. तेवढ्यात पलंगापाशी सिस्टरने पाण्याचा पेला आत्याच्या ओठांना लावला, आणि आत्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"प्या ना आजी, दोन घोट."

"नको गं बाई," आत्या पुटपुटली. "पाणी प्यायलं की उठावं लागतं. आमची ठकू बोलतेय बाहेर. मोठमोठी माणसं असतात. ती उठेपर्यंत जायचं नाही."

ठकू धावत पुढे गेली. तिचा हात धरून म्हणाली, "आत्या, अगं मीच आहे. इथे कोणी नाही. पी ना."

आत्याने तिच्याकडे निरखून बघितलं. मग ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्हीही हळू बोला बाई. तिला चालत नाही."

सिस्टर हसली, म्हणाली, "कोण हो ही ठकू? फार कडक दिसते." ठकूने आत्याचा हात सोडला. ती बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिली आणि रडली. रडण्याचीही तिला लाज वाटत होती.

औषधं लागू पडली. आत्या वाचली, घरी आली, माणसं ओळखायला लागली, चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरलीही. नवरा म्हणाला, "बघ, झाल्या की नाही पहिल्यासारख्या!" ठकू हो म्हणाली. तिच्याइतकं कोणाला कळत होतं की पहिल्यासारखं झालेलं नाही. शब्द शोधता शोधता आत्या मध्येच हरवायची. ठकूने मीटिंगा घरी घ्यायचं बंद करून टाकलं.

एका दुपारी ठकू बैठकीच्या खोलीत नुसतीच बसली होती. लॅपटॉप नाही, फोन नाही. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं, तर आत्या आपल्या दारात उंबऱ्याच्या आत उभी. केव्हाची उभी होती कोण जाणे.

"जाऊ का गं?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

ठकूला ते सहन झालं नाही. ती उठली आणि आत्याचे दोन्ही हात धरले. "असं विचारू नकोस गं. मीच तुला बोलले होते ना? फार वाईट बोलले. चुकलं माझं, आत्या."

आत्या गोंधळली. मग तिने ठकूच्या गालावरून हात फिरवला.

"तू? छे! तू कशाला बोलशील मला? ती दुसरीच बाई होती. चष्मा होता तिला. फार करवादली माझ्यावर." ती जरा थांबली. "तू नव्हतीस तेव्हा घरात. असतीस तर चांगलं खडसावलं असतंस तिला."

ठकूने चष्मा काढून हातात घेतला. "हो," ती कशीबशी म्हणाली.

"मग जाऊ ना?"

"जा."

आत्या रिकाम्या खोलीतून निघाली, भिंतीच्या कडेकडेने, पावलं न वाजवता.