डोळ्यातला चुना

मी लाल लिटमस बोलतेय. आगपेटीएवढ्या पुस्तिकेत शिवलेल्या कागदाच्या पट्ट्या, एवढंच माझं अंग. तुम्ही मसाल्यात दगडफूल घालता ना, त्याच्याच भाऊबंदांपासून माझा रंग काढतात. आंबट, म्हणजे आम्ल, लागलं तर मी लालच राहते. चुना-सोड्यासारखं आम्लारी काही लागलं, की निळी पडते.

सांगलीच्या दुकानातून डॉक्टर मयूरीताईंनी मला कवठे महांकाळच्या त्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. आणलं आणि खणात टाकलं. वर चष्म्यांच्या काचा, ड्रॉपच्या बाटल्या. मला कुणी हात लावीना. कागदाचा जन्म, रागावणार तरी कुणावर?

जत्रा जवळ आली होती. एका दुपारी दीपमाला तिच्या सासूबाईंना, हरणाबाईंना, धरून घेऊन आली. घराला द्यायचा चुना विझवताना पिंप उसळलं आणि चुना थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात उडाला.

"मी तिथंच पाण्याचा सपकारा मारला, डाक्तर," दीपमाला धापा टाकत म्हणाली. "शेजारीण म्हनली, लिंबू पिळ, चुना मरतोय. लिंबू आणलंय बी."

"ते पिशवीतच राहू दे. नुसतं पाणी मारलंस ते लय चांगलं केलंस."

ताईंनी खण उघडला, माझी एक पट्टी फाडली आणि हरणाबाईंच्या खालच्या पापणीच्या आत अलगद टेकवली. मी निळीशार झाले.

"चुना अजून आत आहे," ताई म्हणाल्या.

लिंबानं मी निळीची पुन्हा लाल होते, हे खरं. पण मी कागद आहे. चुन्यानं पोळलेल्या डोळ्यावर आम्ल ओतलं, तर तो आणखी पोळतो.

ताईंनी सलाइनची नळी डोळ्यावर धरली. बाटली संपली, दुसरी लावली. थोडं थांबून पट्टी टेकवली. पुन्हा निळी.

"माझा डोळा गेला का गं, दीपा?" हरणाबाईंनी सुनेचा हात गच्च धरला.

"न्हाई आत्ती. मी हाय न्हवं हितं."

ताईंनी वरची पापणी उलटी केली. आत चुन्याचे पांढरे कण चिकटले होते. ओल्या कापसानं त्यांनी ते टिपून काढले आणि पुन्हा पाणी सुरू केलं. दीपमाला एकटक माझ्याकडेच बघत होती. एवढ्या आशेनं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

पुढच्या पट्टीवर नुसती जांभळी झाक आली. त्यानंतरची लाल राहिली. ताईंनी आणखी एक पट्टी चांगल्या डोळ्याला लावली आणि दोन्ही शेजारी धरल्या. रंग सारखाच.

"निघाला चुना," त्या म्हणाल्या. दीपमाला भिंतीला टेकून खाली बसली आणि मग कुठं रडली.

औषध बरेच दिवस चाललं. परवा हरणाबाई तपासणीला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "वाईच धुरकाट दिसतंय. पर नातीनं नाकात चमकी घातलीया, ती दिसली."

आता माझ्यात थोड्याच पट्ट्या उरल्यात. डोळ्यात चुना गेला तर मला शोधत बसू नका. आधी घरच्या स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, धुतच राहा, आणि तसेच दवाखान्यात या. मी तिथं कोरडी आणि लालच राहून तुमची वाट बघत असेन.