दोर कोणी धरलाय?

मी छपाईची जाळी बोलतेय. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक कापड. माझी जी छिद्रं उघडी, तिथून शाई कागदावर उतरते. जी बुजवली, तिथे कागद कोरा. म्हणून कुणी काही बुजवायला सांगितलं, की मला आधी संशय येतो.

माझी मालकीण दोर वळणाऱ्यांच्या गल्लीतली. एक दिवस एक जाकीटवाला त्याच गल्लीचा फोटो घेऊन आला.

"ताई, लुप्त होत चाललेल्या वस्तीचं प्रदर्शन करतोय. छापून द्या."

लुप्त? सकाळीच तर मालकिणीचा भाऊ तिथून येऊन तिला डबा देऊन गेला होता! आणि हा माणूस कोणाचा? गल्लीवर डोळा ठेवून बसलेल्या कंपनीचा.

मालकिणीने उजेड देऊन फोटो माझ्यावर उतरवला. पहिला नमुना पाहून साहेब खूश.

"फक्त माणसं झाका. भिंती पुरेत."

"का हो?"

"गर्दी वाटते."

पाच माणसांची गर्दी! उद्या हेच चित्र नाचवून 'गल्ली ओसाडच होती' म्हणायचं आणि पाडायला यायचं, हे माझ्यासारख्या कापडालाही कळलं.

मालकिणीने ब्रश उचलला. एकेक माणूस लेपाने बुजवला. उलट्या पावलांनी दोर वळत जाणारा सख्खा भाऊसुद्धा. हीही फितूर झाली, असं मला वाटलं. पण दोराशी ब्रश थांबला.

"ती विजेची तार राहिली तरी चालेल," दोराकडे बोट दाखवून साहेब म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

प्रदर्शन पाहून भाऊ तणतणत आला. "काय गं, जिवंतपणीच पुसलंस मला?"

"दोर ठेवलाय की."

"तेच तर! रिकाम्या गल्लीत हवेत ताठ दोर. जो तो विचारतोय, हा धरलाय कोणी? साहेबांची बोबडी वळली. शेवटी मीच ओरडलो, मी धरलाय!"

मालकीण आता मात्र पोट धरून हसली. तिने ओला स्पंज माझ्यावर फिरवला. लेप पाण्यात विरघळणारा होता. आधी भावाची मूठ उघडी झाली, मग सगळी माणसं.

तेव्हापासून मी शाईत भिजलेली आहे. गल्लीच्या प्रत्येक दारावर एक चित्र लागतंय. पाडणारे तरीही येतील. त्यांचा मला भरवसा नाही. तुम्ही एवढंच करा. ओसाड जागेचं सुबक चित्र कोणी पुढे केलं, तर वाहवा नंतर करा. आधी विचारा, इथे काय बुजवलंय आणि कोणाच्या सांगण्यावरून?