हजेरीपटावर एकच माणूस

अकराला पाच मिनिटं उरली की धन्यकुमार मगदूम खुर्चीतून उठायचा, शेडच्या कोपऱ्यातल्या मोठ्या लेथजवळ जायचा आणि बटण दाबायचा. लोखंडाचा तुकडा धरणाऱ्या चकात काहीच नसायचं. मोटर आधी गुरगुरायची, मग चक वेगानं फिरायला लागला की पत्र्याचं सगळं शेड त्या घरघरीनं भरून जायचं. बरोबर अकराला पुण्याहून त्रिशलाचा फोन यायचा.

"जेवणाचं काय केलंय आज?"

"डबा लावलाय की. येतोय वेळेवर."

"आवाज मोठा येतोय. काम जोरात दिसतंय."

"हां. आबा लागलाय सकाळधरनं," तो मोठ्यानं म्हणायचा. मग नातवाची चौकशी, त्याचं वजन, दूध, औषध. पाच-सात मिनिटांत फोन संपायचा. धन्यकुमार लेथ बंद करायचा. चक हळूहळू थांबायचा आणि मग कुपवाडच्या त्या शेडमध्ये भिंतीवरच्या पंख्याशिवाय कशाचाच आवाज उरायचा नाही.

त्रिशला जूनमध्ये लेकीच्या, ब्राह्मीच्या, बाळंतपणाला पुण्याला गेली होती. बाळ आठव्या महिन्यातच आलं. महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. दोन महिन्यांसाठी गेलेली त्रिशला तिकडेच अडकली. तिला आधीच जिवाला घोर, त्यात आपलं रडगाणं कशाला, असं म्हणून त्यानं पहिल्यांदा खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खोटं टिकवायला लेथ चालू केला. मग तो रोजचाच नेम झाला.

खरं होतं ते असं. धन्यकुमारच्या शेडमध्ये व्हॉल्व्हच्या बॉड्यांचं मशीनिंग व्हायचं. फाउंड्रीतून ओतलेल्या लोखंडाची कास्टिंग यायची, इथं सहा माणसं, त्यांत सगळ्यात जुना आबा, ती कातून-घासून तयार करायची, आणि माल साताऱ्याच्या एका निर्यातदाराकडे जायचा. तिथून अमेरिकेला. ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं, ते त्यानं टीव्हीवर ऐकलं. एवढ्या मोठ्या देशांच्या भांडणात आपल्या सहा माणसांच्या शेडकडे कोण बघतंय, असं त्याला वाटलं होतं. सप्टेंबरात साताऱ्याचा टेम्पो आठवड्यातून एकदाच यायला लागला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निर्यातदाराचा फोन आला, "मगदूम, आता थांबवा. तिकडून नवी ऑर्डर नाही."

तो शनिवार होता. दिवाळी नऊ दिवसांवर आलेली. संध्याकाळी माणसं हात धुऊन, "येतो मालक," म्हणून गेली. त्या वेळी सांगायचं त्यानं ठरवलं होतं. तोंडच उघडलं नाही. घरी आल्यावर त्यानं कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'सोमवारपासून शेड बंद राहील. काम आल्यावर कळवतो. पगार आणि दिवाळीचं बँकेत जमा केलं आहे.' एकेकानं वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत गेल्या. कुणी काही उलट लिहिलं नाही. सोमवारी तो शेडकडे फिरकलाच नाही. कुंभोजजवळच्या बाहुबलीला, त्या जैन तीर्थावर, जाऊन दिवसभर बसून राहिला. मंगळवारपासून मात्र रोज नऊला यायला लागला. रिकाम्या घरात तरी काय करायचं होतं?

सरकारनं शुल्काचा फटका बसलेल्या कारखान्यांसाठी मदत काढलीय, हे त्याला शेजारच्या शेडच्या जिनेंद्रनं सांगितलं. अर्जही त्यानंच बसून भरून दिला. वर म्हणाला, "फक्त युनिट चालू दिसायला पायजे. तपासणीला कोण आलं की मला मिस कॉल दे. माझी चार माणसं तुझ्याकडं उभी करतो. कोण वळखतंय?"

"बघू," धन्यकुमार म्हणाला. नाही म्हणाला नाही.

डिसेंबरात एक दिवस तो लेथ सुरू करून फोनवर बोलत होता. "आबा हाय की, ते काय समोरच," असं म्हणत वळला तर दारात तिशीची एक मुलगी उभी. हातात फाईल, डोक्याला स्कार्फ, बाहेर स्कूटी. त्यानं घाईनं फोन संपवला आणि लेथ बंद केला.

"मी नीलिमा कांबळे. उद्योग केंद्रातून आलेय, अर्जाच्या तपासणीला." ती लेथजवळ गेली, वाकून बघितलं. "काका, चकात जॉब नाही."

त्यानं रिकाम्या चकावर हात ठेवला.

"मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय," ती जरा ओशाळून म्हणाली. "हजेरीपट बघू?"

तो हजेरीपट आणायला केबिनमध्ये गेला. मोबाईल हातातच होता. जिनेंद्रचं शेड वीस पावलांवर. त्यानं जिनेंद्रचा नंबर काढला, पण मिस कॉल न देताच हजेरीपट घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं थांबा. माणसं चहाला गेलीत, येतील आता." मुलगी स्टुलावर बसून थांबली होती. तिनं मान डोलावली. एवढा सहज तिनं विश्वास ठेवला, तेच त्याला सोसलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "येतील ती माझी माणसं न्हवंत. माझं कोणच न्हाई आता हितं. ऑक्टोबरपासनं मी एकटाच हाय."

मग तो बोलतच सुटला. ऑर्डर, मेसेज, पुणं, रोज अकराचा फोन. दोन महिन्यांत तो एवढं कुणाशीच बोलला नव्हता. हजेरीपट तिनं उघडला. अकरा ऑक्टोबरनंतर पानं कोरी होती.

"बंद युनिटला ही मदत मिळत नाही, काका."

"मग बंद लिवा. जे हाय ते लिवा."

"तुम्ही रोज येता?"

"नऊला."

"येऊन काय करता? खरं सांगा, लेथ फिरवण्याशिवाय?"

त्याला आठवावं लागलं. मशीनना तेल घालतो. टूलना धार लावतो. गेल्या आठवड्यात दोन शेतकऱ्यांच्या मोटारींचे शाफ्ट कातून दिले. त्या आधी उसाच्या बैलगाडीचा एक आस.

"त्याच्या पावत्या आहेत?"

होत्या. तिनं त्यांचे फोटो काढले. "हे कामच आहे की. चालू युनिट, काम करणारा एक, मालक स्वतः. मी असं लिहिते. वरचे साहेब काय म्हणतील ते माझ्या हातात नाही. पण तुम्ही रोज हजेरीवर स्वतःचं नाव घाला. आणि साताऱ्याहून एक पत्र आणा, शुल्कामुळं ऑर्डर थांबली म्हणून."

निघताना ती दाराशी घुटमळली. "घरी सांगा काका. हे फॉर्ममध्ये नाही, पण सांगा." मग हसली. "मी दहिवडीची. हितं एका खोलीत एकटी राहते. मेसचं जेवण मला अजिबात जात नाही आणि आईला रोज सांगते, लय छान आहे म्हणून. मीपण सांगेन आज."

दोन दिवसांनी तो एसटीनं साताऱ्याला गेला. निर्यातदार धैर्यशीलराव म्हणजे एके काळी पाच मिनिटांच्या भेटीसाठी बाहेर तास-तास बसवणारा माणूस. आता कार्यालयात शिपाईही नव्हता. मागच्या गोदामात लाकडी खोकी छपरापर्यंत रचलेली, त्यावर परदेशी पत्ते. धैर्यशीलरावांनी पत्र द्यायला आधी टाळाटाळ केली. "एकाला दिलं की दहा जण दारात येतील," म्हणाले. मग स्वतःच टाईप करून, सही-शिक्का मारून दिलं. धन्यकुमार उठायला लागला तर म्हणाले, "बसा हो जरा. कुठं घाई आहे?" आणि दोन तास ते बोलत राहिले. पोराच्या शिक्षणाबद्दल, गुडघ्याबद्दल, जुन्या ऑर्डरींबद्दल. त्या दोन तासांत तिथला फोन एकदाही वाजला नाही.

सातारच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसून त्यानं स्वतःहून त्रिशलाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

पलीकडे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

"म्हणजे दोन महिने तुम्ही मला रिकामी मशीन ऐकवलीत?" ती म्हणाली. "मी हितं बाळाला मांडीवर घेऊन म्हणायची, ऐक रे, आज्जाचा कारखाना."

"तुला तरास नको म्हणून—"

"तुमच्या घरात मी चौतीस वर्षं काय पाव्हणी होते?"

फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी अकराला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. धन्यकुमार मोबाईल समोर ठेवून बसायचा. डबा तसाच परत जायचा. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत काहीतरी पोटात ढकलायचा आणि अंथरूण धरायचा. खोटं बोलत होता तेव्हा निदान रोज तिचा आवाज तरी होता.

पाचव्या दिवशी फोन वाजला. तिनं बाळाचं वजन सांगितलं. मग विचारलं, "आबाकडं जाऊन आलात का?"

"न्हाई."

"एकोणीस वर्षं माणूस तुमच्याकडं राबला. बाकीचे तरणे आहेत, कुठंबी लागतील. त्याच्याकडं गेलात का नाही?"

"जावा आधी," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. तरी तो गेला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत महिना काढला.

जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं. जुनी माणसं परत कामावर घेतली तर सहा महिने त्यांच्या पगाराचा अर्धा भार सरकार उचलणार होतं. पत्र दोनदा वाचून झाल्यावर त्यानं इकडे-तिकडे बघितलं. दाखवायला कुणी नव्हतं. त्यानं एकेकाला फोन लावले. दोघं चाकणला लागले होते. एकानं उचललाच नाही. शिवतेज आणि साईराज म्हणाले, येतो. उरला आबा. त्याच्याकडे साधा मोबाईलसुद्धा नव्हता. आता जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कवठे महांकाळच्या पुढं आडबाजूला आबाचं गाव. घरी त्याची बायको शालूबाई भेटली. म्हणाली, "ते बागंत हायती, पाखरं राखायला." धन्यकुमार बांधाबांधानं चालत गेला. द्राक्षं भरत आली होती. मधल्या मचाणावर आबा पत्र्याचा डबा बडवत उभा होता. मिलीमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हात अचूक चालणारा माणूस.

"आवं मालक!" तो खाली उतरला. तोंडावर राग दिसेना. तांब्यातलं पाणी पुढं केलं. दोघं सावलीला बसले.

धन्यकुमारनं पत्राचं सांगितलं. आबा ऐकत होता. मग म्हणाला, "मालक, त्या सोमवारी मी आल्तो."

"कुठं?"

"शेडवर. शनवारी गावाकडं आल्तो ना, सोमवारी पयल्या गाडीनं परत. कुलूप बघितलं. म्हटलं, मालकांना काय झालं का काय. तुमच्या घराकडं गेलो, तितं बी कुलूप. परत येऊन दारात बसलो. दुपारी जिनेंद्र अण्णांच्या वॉचमननं मोबाईलवरलं वाचून दावलं."

धन्यकुमारला ग्रुप आठवला. सहा माणसं, खुणा पाच. सहावा तिथं नव्हताच. ते मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"मी बाहुबलीला गेलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

"देवाला?"

"न्हाई. तुमच्यापासनं तोंड लपवायला."

आबानं उठून डबा बडवला. पाखरांचा थवा उठून पलीकडच्या बागेत गेला. परत येऊन बसला.

"आबा, चुकलं माझं. चल परत."

"न्हाई मालक. रागानं म्हणत न्हाई. काम बंद पडतंय, ते तुमच्या हातात व्हतं का? पण उद्या परत काय तरी झालं, आन् परत मी कुलपाम्होरं बसलो, तर ते ह्या वयात मला झेपायचं न्हाई. हितं पगार कमी हाय. पण मालक बांधावर येऊन तोंडानं सांगतोय, उद्या ये का नको ते."

उन्हं उतरायला लागली तसा आबा त्याला डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आला. चालता चालता म्हणाला, "शिवतेजला मोठ्या लेथवर घाला. हात चांगला हाय त्याचा. घाई लय करतोय, तेवढं बघा." आणि गाडी आल्यावर, "तुमी आलासा, बरं केलासा."

फेब्रुवारीत शेड पुन्हा सुरू झालं. दोन जुनी माणसं, एक नवा, आणि धन्यकुमार. साताऱ्याचं काम आलं नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं इथलंच काम मिळालं, नफा बेताचाच. नीलिमा एकदा येऊन हजेरीपट तपासून गेली. त्रिशला म्हणाली, बाळ वर्षाचं झालं की येते.

दुपारी एकला धन्यकुमार आता केबिनमध्ये न बसता डबा घेऊन बाहेर माणसांत जेवायला येतो. माणसं सरकून जागा करून देतात. "या मालक," म्हणतात. तो यायच्या आधी त्यांचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत असतं. तो बसला की थांबतं. मग कुणीतरी लोणचं पुढं करतं, आणि चौघं खाली बघून जेवत राहतात.