आजीचं जेवण

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ती लिहिते, मला चिडवत. 'पुस्तक्या, लाल ज्वारीच्या कोंड्यातून काढलेल्या तुझ्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मरतात ना? मग मला तोच पाठव. तुझं उत्तर येईपर्यंत मी दवाखान्यात माझ्या गाठीवरची सुई टोचून घेणार नाही.'

हो लिहायला हात धजत नव्हता, नाही लिहायला मन.

आमच्या प्रयोगशाळेतल्या पेशी एका स्त्रीच्या गाठीतल्या. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. पेशी मात्र उबदार कपाटात अजून वाढतात. सगळे त्यांना आजी म्हणतात. "आजीला जेवू घातलंत का?" माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाई रोज विचारायच्या, म्हणजे पेशींवरचं द्रावण बदललंत का. मी हसायचो खरा, पण कपाट उघडण्याआधी दारावर हलकेच टिचकी मारायचो. का, ते विचारू नका.

अर्क घातला की पेशी आक्रसतात, बशीच्या तळापासून सुटतात, तरंगू लागतात. मग मोजणी करून बशी फेकायची, ही आमची रीत. मेलेल्यांकडे पुन्हा कोण बघतो? माझा मात्र स्वतःच्या मोजणीवरही भरवसा नसतो. एक बशी मी फेकली नाही. अर्क काढून, ताजं द्रावण घालून ती मागच्या फळीवर ठेवली.

आठवड्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मधोमध सगळं ओसाड होतं. काठाशी मात्र चार-दोन पेशी पाय पसरून चिकटल्या होत्या. त्यातली एक मी बघत असतानाच कमरेत आवळत गेली आणि सावकाश दोन झाली.

बाईंना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. काहीतरी थट्टा करतील असं वाटलं, पण त्यांनी त्याच बशीत पुन्हा अर्क सोडला.

दुसऱ्या दिवशी पेशी वाढलेल्या होत्या.

"आता आजी हेही जेवते," बाई हळूच म्हणाल्या.

मी तिथेच बसून लिहिलं : 'ताई, माझ्या अर्काची वाट बघू नकोस. तो तुला देण्याजोगा नाही. हे पत्र मिळताच दवाखान्यात जा आणि सुई घे.' एरवी मी प्रत्येक वाक्याला 'बहुधा' जोडतो. या वेळी एकदाही जोडला नाही.

पत्र पेटीत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हाच तिथून हललो.