तीन चाकांचा रकाना

रस्त्यावरची माणसं मोजणं हेही एक काम असतं आणि त्याचा चक्क पगार मिळतो, यावर ताईच्या कारखान्यातल्या लोकांचा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. पण तिचा धाकटा भाऊ खरोखरच तेच करायचा. नगरपालिकेच्या रस्ते विभागात तो मोजणीदार होता. आज हा रस्ता, उद्या तो. एकेका रस्त्याची पाळी तीन वर्षांनी यायची. रस्त्याकडेला स्टूल टाकून तो सकाळी सात ते संध्याकाळी सात बसे. मांडीवर लाकडी फळी, फळीवर ओळीने ठोकलेली मोजणीची पाच यंत्रं. पायी, सायकल, मोटारसायकल, तीन चाकं, चार आणि त्याहून जास्त. कुणी गेलं की बोट दाबायचं, खट्. ऑफिसात त्याचं नावच खटखटे पडलं होतं, आणि ताईनेही ते आनंदाने उचललं होतं.

कामात मात्र तो डोळ्यांत तेल घालून बसणारा. उठावं लागू नये म्हणून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. नवखा असताना एका जुन्या मोजणीदाराने त्याला बजावलं होतं, "तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की माणूस विचार करत बसतो, तेवढ्यात दोघं निसटतात. खाली बघ. चाकं मोज, बोट दाब." हा सल्ला त्याने असा काही अंगी बाणवला होता, की लग्नाच्या वरातीतही त्याची नजर चपलांवर असायची.

ताईचे पाय लहानपणीच गेले होते. हाताने पेडल मारायच्या तीन चाकी गाडीवरून ती रोज पुलापलीकडच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जायची. तिथे अशा चौदा गाड्या येत. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, नुसती डांबराची कुरतडलेली कड होती, आणि शेजारून ट्रक जायचे. पाच वर्षं ताई अर्ज करत होती. आम्हाला गाडी चालवता येईल अशी रुंद, कठडा असलेली वाट द्या, एवढंच मागणं. शेवटी पायी आणि चाकांवर फिरणाऱ्यांसाठी वेगळा निधी निघाला. तो कोणत्या रस्त्याला द्यायचा, हे मोजणीवर ठरणार होतं, आणि पुलाच्या रस्त्याची मोजणी खटखट्याकडेच आली. घरात त्या दिवशी दोघंही खुशीत होती.

मोजणीच्या सकाळी चौदा गाड्या एकामागे एक आल्या. ताईने लांबूनच हात वर केला. तिच्या मागे पुस्तकांना टाके घालणारी सुईवाली मावशी होती, तिनेही केला.

"मोजलंस ना रे मला?" ताई ओरडली.

"मोजलं, मोजलं! पुढे बघ!"

खोटं नव्हतं ते. बोट दाबलं होतं.

चार महिन्यांनी वरून पत्र आलं. साहेबांनी ते त्याच्या हातात दिलं. सदर रस्त्यावर अपंगांच्या हाताने चालवायच्या गाड्यांची संख्या शून्य, पादचारी अल्प, सबब वाट मंजूर करता येत नाही. तीन चाकी वाहतूक मात्र लक्षणीय आहे, सबब रस्ता कडेपर्यंत रुंद करावा.

त्याने आपला मोजणीचा कागद काढून बघितला. मोजणीच्या नमुन्यात अशा गाड्यांसाठी सहावा रकाना होता. निधीबरोबरच नवा छापून आलेला, अगदी तळाशी. पण फळीवर यंत्रं पाचच. सहावं ठोकायचं कुणाला सुचलंच नाही. चौदाही गाड्यांची चाकं त्याने बघितली होती, तीन होती, आणि बोट चौथ्या यंत्रावर पडलं होतं, रिक्षा आणि टेम्पोंच्या ढिगात. संध्याकाळी सहाव्या रकान्यासाठी आकडा नव्हता म्हणून त्याने नेहमीच्या सवयीने शून्य लिहिलं होतं. आपल्या सख्ख्या बहिणीला त्याने रस्त्यावरून पुसून टाकलं होतं, आणि वर तिचीच चाकं रिक्षांत धरून रस्ता रुंद करायला लावला होता.

"साहेब, चूक झालीय. चौदा होत्या. जाऊन-येऊन अठ्ठावीस."

साहेबांनी चष्मा काढला. "हे आत्ता सांगतोस? आकडे गेले वर. आता चूक म्हटलं, तर तुझी सगळीच मोजणी रद्द करतील. शाळेसमोरचा फुटपाथ तुझ्याच आकड्यांवर मंजूर झालाय, तोही जाईल. आणि तुझी नोकरी. तीन वर्षांनी परत पाळी येईल, तेव्हा नीट कर."

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला मनापासून लाज वाटली. लाज वाटली म्हणून तो बोलला असता, तर ही गोष्टच झाली नसती. घरी त्याने एवढंच सांगितलं, "वरून नाही आला निधी."

"वरच्यांचं काय जातंय," ताई म्हणाली. "एक दिवस बसवा म्हणावं त्यांना माझ्या गाडीत." तिने नवा अर्ज लिहिला. सकाळी तो स्वतःच तो अर्ज टपालात टाकून आला.

रस्ता रुंद झाला. कड गेली, ट्रक आणखी जोरात धावू लागले. आठव्या महिन्यात, भर सकाळी, कामावर जाताना सुईवाली मावशी ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेली. ताई तिच्या मागेच होती. घरी आल्यावर ती तासभर नुसते हात धूत राहिली. मग एकेक गाडी यायची बंद झाली. कारखान्याचा मालक बरा माणूस, तो बांधणीचे गठ्ठे घरोघर पाठवू लागला. ताईची गाडी बोळात उभी राहिली. चाकांतली हवा गेली, हँडलवर टॉवेल वाळू लागले.

तीन वर्षांनी पुलाच्या रस्त्याची पाळी आली. आदल्या दिवशी त्याने फळीवर सहावं यंत्र स्वतः ठोकलं.

"मी एक चक्कर मारून येऊ का?" सकाळी ताईने विचारलं. "एक तरी पडेल."

"नको!" तो एवढ्या जोरात बोलला की ती बघतच राहिली.

सात ते सात तो बसला. त्या दिवशी त्याने एकेकाचं तोंड बघितलं. सहाव्या यंत्राला बोट लागलं नाही. नमुना भरताना त्याने त्या रकान्यात पुन्हा तोच आकडा लिहिला, आणि आता त्यात एका काडीचीही चूक नव्हती.

घरी आला तेव्हा ताई सुई-दोरा घेऊन पानं शिवत होती. मावशीचं काम आता तिच्याकडे होतं.

"किती?"

"शून्य."

"नीट मोजलंस ना?"

"या वेळी नीट मोजलं," तो म्हणाला. दमला होता, तोंडातून निघून गेलं.

ताईची सुई थांबली. "आणि मागच्या वेळी?"

मग त्याने सगळं सांगितलं. पाच यंत्रं, तळाचा रकाना, पत्र, साहेब.

"मी हात केला होता तुला," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मावशीनेही केला होता. माझ्या मागेच होती ती. तिला कुठे घातलंस?"

तो जमिनीकडे बघत उभा होता. "तिथेच," तो म्हणाला.